शहाणी झाली म्हणे!

मुलीला पाळी सुरू झाली हे सांगायला मराठीत सरळ वाक्य सोडून बाकी सगळं आहे. न्हाण आलं, पदर आला, वयात आली. यांतला सगळ्यांत खोटा शब्दप्रयोग म्हणजे 'शहाणी झाली'. गेल्या चैत्रात आमच्या इमारतीतल्या हळदीकुंकवाला तो मी तिसरीतल्या एका मुलीबद्दल ऐकला. आंब्याची डाळ वाटीत घेता घेता एक बाई दुसरीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "आठ संपून नववं लागलंय फक्त, आणि शहाणी झाली म्हणे!" जिच्याविषयी हे चाललं होतं ती पन्ह्याच्या पेल्यातला बर्फ बोटांनी काढून धाकट्या भावाच्या शर्टात टाकत होती. शहाणपणाची एवढीच खूण मला दिसली.

मग कारणं निघाली. आपली हवाच उष्ण. दूध इंजेक्शनचं. चिकन तर विचारूच नका. आणि हातात सदा मोबाइल. कारणांमागून निकालही लागले: अंडी बंद, तीळगूळ बंद, सायकल बंद, खाली खेळायला जाणं बंद. कारणं नुसती चुकीची असती तर मी तिथे गप्प बसू शकले असते; समारंभात वाद घालू नये एवढं मलाही कळतं. पण निकाल अमलात येणार होते, म्हणून हा लेख.

आधी हवेचं. हा युक्तिवाद फार जुना आहे आणि त्याने आपल्याकडे जीव घेतलेले आहेत. उष्ण देशांत मुली आठ-नऊ-दहा वर्षांच्या होताच लग्नाला योग्य होतात, असं माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने 1748 साली लिहिलं. युरोपातल्या शहाण्यांनी ते प्रमाण मानलं आणि आपल्याकडच्या सनातन्यांना ते आयतंच मिळालं. 1890 साली कलकत्त्यात फुलमणी दासीचा खटला गाजला. दहा-अकरा वर्षांची मुलगी, पस्तिशीच्या आसपासचा नवरा, आणि संबंधातून झालेल्या रक्तस्रावाने तिचा मृत्यू. संमतीचं वय तेव्हा दहा होतं, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा बसलाच नाही. हे वय बारा करण्याचं विधेयक आलं, तेव्हा पुण्यात लेखण्या परजल्या गेल्या. ऋतू प्राप्त होताच गर्भाधान झालंच पाहिजे, कायदा आड आला तर धर्म बुडाला, असं सनातनी म्हणत. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये हा होता, आणि तो वेगळा मोजायला हवा. पण त्या आक्षेपाच्या सावलीत गर्भाधानवालेही उभे राहिले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रग्रंथ उघडून दाखवलं की धर्म अशी सक्ती करत नाही. आगरकरांचा 'सुधारक' कायद्याच्या बाजूने उभा राहिला. 1891 च्या मार्चमध्ये कायदा झाला. दोन वर्षांची वाढ, आणि त्यासाठी एवढं रण.

त्या वादात अनेकांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती: पाळी आली की मुलगी बाई झाली. ते गृहीत आपण अजून वापरतो आहोत, म्हणून हा इतिहास उगाळला.

आता हवेचा दावा तपासू. एकोणिसाव्या शतकात उत्तर युरोपात पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती तेराच्या आसपास आली. त्या काळात तिथली हवा काही कोकणासारखी झाली नाही. बदललं ते ताटातलं अन्न आणि घटलं ते आजारपण. याहून बोलका पुरावा स्वीडनचा आहे. भारतातून तिथे दत्तक गेलेल्या 107 मुलींचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पहिल्या पाळीचं मध्यक वय 11.6 वर्षं निघालं. भारतातल्या सर्वसाधारण मुलींपेक्षा लवकर, आणि स्वीडिश मुलींपेक्षाही लवकर. काहींची तर आठव्या वर्षातच. मूळ भारतीय, हवा बर्फाळ, आणि पाळी लवकर! या मुली पोहोचल्या तेव्हा खुरटलेल्या होत्या. मग पोटभर मिळू लागलं, वाढीने एकदम उचल खाल्ली, आणि त्या झपाट्यात शरीराचं घड्याळही पुढे सरकलं. उन्हाचा यात काही हात नाही. एकूण पोषणाचा आहे, पण म्हणून एकट्या अंड्यावर किंवा तिळावर खापर फोडता येत नाही. वाढत्या मुलीचं अंडं तोडणं हा उपाय नव्हे, ती शिक्षा आहे.

दुधाचं थोडक्यात आटपते. म्हैस पान्हवावी म्हणून गोठ्यात ऑक्सिटोसिन टोचतात, हे खरं आहे. ते जनावराचे हाल करणारं आहे आणि थांबायलाच हवं. पण ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची साखळी. पोटात गेली की वरणातल्या प्रथिनासारखी पचते. शिवाय वयात येण्याची कळ दाबणारं ते संप्रेरकच नव्हे. म्हशीची कणव असेल तर म्हशीसाठी बोला, मुलीचं निमित्त कशाला? ब्रॉयलर कोंबडी चाळीस दिवसांत दोन किलोची होते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. वीस हजार पिल्लांना रोज एकेक इंजेक्शन टोचत बसणारा पोल्ट्रीवाला मला कुणी दाखवावा, मी त्याचा सत्कार करीन. मोबाइलच्या प्रकाशाने मुली लवकर वयात येतात अशी जी बातमी घराघरांत फिरली, तिच्यामागे 2022 साली तुर्कस्तानातल्या संशोधकांनी मांडलेला एक प्रयोग होता, 18 उंदीरमाद्यांवरचा. मोबाइल काढून घ्यायला इतर शंभर चांगली कारणं आहेत. उंदरांना त्यात ओढू नये.

मग काहीच घडत नाहीये का? घडतंय, आणि 'उगाच बाऊ करतात' म्हणणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. 1997 साली अमेरिकेत मार्सिया हर्मन-गिडन्स यांनी सतरा हजारांहून अधिक मुलींची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा डॉक्टरही चपापले: गोऱ्या मुलींत स्तनांची वाढ सरासरी दहाच्या सुमारास, कृष्णवर्णीय मुलींत नऊच्याही आत सुरू होत होती. पुढे अनेक देशांचे अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की 1977 ते 2013 या काळात हे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी खाली आलं. पाळीचं वय मात्र तेवढं घसरलेलं नाही. म्हणजे बदल लवकर सुरू होतात आणि जास्त काळ चालतात. यात मुलींच्या वाढत्या वजनाचा वाटा नक्की आहे: चरबीतून निघणारं लेप्टिन मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देतं. प्लास्टिकमधल्या काही रसायनांवर संशय आहे, आणि तो साधार आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही बालसंप्रेरकतज्ज्ञांकडे लवकर वयात आलेल्या मुलींची संख्या एकदम वाढली. घरात कोंडलेली मुलं, सुटलेली झोप, वाढलेलं वजन, की मनावरचा ताण? बहुधा सगळ्यांचं कालवण.

वयात येण्याची कळ दाबणाऱ्या रेणूचं नाव किसपेप्टिन. त्याचं जनुक 1996 साली पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याला नाव पडलं ते त्या गावच्या प्रसिद्ध 'किसेस' चॉकलेटवरून. वयात येण्याशी त्याचा संबंध उघड झाला तो 2003 साली. विज्ञानात एवढा गोडवा क्वचितच आढळतो. दुसरं एक जनुक, एमकेआरएन3, सासरच्या मंडळींना मुद्दाम सांगण्यासारखं. लवकर वयात आणणारा त्यातला दोष घराण्यात असेल तर तो फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीतून प्रकटतो. आईकडून आलेली प्रत मुकी असते. 'आईच्या वळणावर गेली' हे वाक्य यापुढे जपून वापरावं.

वैद्यकाची रेघ अशी आहे: मुलींमध्ये आठच्या आत आणि मुलांमध्ये नऊच्या आत बदल दिसले तर तपासणी हवी. आणि इथे आपला समाज नेमका उलटा चालतो. मुलगी लवकर वाढली की घर सुतकात, मुलगा लवकर वाढला की मिशीला पीळ. दुसरीतल्या पोराला कोवळी लव फुटली, आवाज घोगरा झाला की बाप चारचौघांत सांगतो, "आमचा वाघ आत्ताच जवान!" खरं तर लवकर वयात आलेल्या बहुतेक मुलींमध्ये मागे कुठलाही आजार सापडत नाही. मुलांमध्ये मात्र मेंदूतली गाठ किंवा अधिवृक्क ग्रंथीचा बिघाड सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. म्हणून डॉक्टर मुलांच्या मेंदूचा एमआरआय करून घेण्याचा आग्रह धरतात. काळजी करायचीच हौस असेल तर ती आधी वाघाची करावी.

उरला उपचाराच्या इंजेक्शनचा प्रश्न. लवकर वयात येणारं मूल आधी भराभर उंच होतं, मग हाडांची टोकं लवकर मिटतात आणि वाढ थांबते; तिसरीत मागच्या बाकावर बसणारी दहावीत पहिल्या बाकावर येते. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी दिलं जाणारं औषध ही प्रक्रिया थांबवून धरतं, आणि बंद केलं की ती पुन्हा सुरू होते. 'असल्या इंजेक्शनांनी मुलगी वांझ होते' ही भीती निराधार आहे. पण 'दोन इंच वाढतील, देऊन टाका' हेही तितकंच बेजबाबदार. उंचीचा फायदा ठळक दिसतो तो सहाच्या आत सुरुवात झालेल्या मुलींमध्ये. आठच्या आसपास सुरू झालं तर पदरात फारसं काही पडत नाही. डाव्या मनगटाचा एक्स-रे, रक्ताची तपासणी, सहा महिने नुसतं लक्ष ठेवणं, हे सगळं कंटाळवाणं असतं. पालकांना निकाल आजच हवा असतो.

आता माझी बाजू. शरीर पुढे गेलं म्हणून मूल पुढे जात नाही. आठ वर्षांच्या मुलीला पाळी आली तरी तिची समज, भीती, रुसवे आणि खेळ आठ वर्षांचेच राहतात. अशा मुलींमध्ये उदासी आणि छेडछाडीचा त्रास जास्त आढळतो, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे, आणि त्याचा मोठा भाग आपल्या वागण्यातून येतो. आपण तिला मोठी समजतो, मोठ्यांसारखं रागावतो, आणि रस्त्यावरचे तिला मोठीच समजून बघतात. रस्त्यावरच्यांचा बंदोबस्त लगेच आपल्या हातात नसेल. सायकल मात्र आपल्याच हातात आहे.

सरकारचं पंचांगही शरीरापेक्षा मागे आहे. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना स्वस्तात सॅनिटरी पॅड देणारी 'अस्मिता योजना' 2018 साली आली, चांगली होती. वयोगट मात्र 11 ते 19. तिसरीतली मुलगी त्या यादीत बसतच नव्हती. पाळीची माहिती द्यायलाही वरच्या वर्गांतल्या मुली बोलावतात, दार लावून. ती माहिती तिसरीपासून द्या, आणि दार उघडं ठेवून, मुलग्यांनाही द्या.

त्या हळदीकुंकवानंतर आठवड्याभराने मी त्या मुलीच्या आईला जिन्यात गाठलं. डॉक्टरांची वेळ तिने घेतली होती. अंडी परत सुरू झाली होती. सायकलवरून अजून आजीशी बोलणी चालू होती. "पण माझी अडचण वेगळीच आहे, काकू," ती म्हणाली. "शाळेत प्राथमिकच्या मुलींच्या स्वच्छतागृहात कचऱ्याचा डबाच नाही. वापरलेलं पॅड ती कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून घरी घेऊन येते." मी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं, झाकणाचा एक डबा ठेवा म्हणून. उत्तर आलं की ती सोय माध्यमिकच्या मजल्यावर आहे.