बी रुजते, कसे ते कळत नाही

मी मराठी शिकवणारा माणूस. धर्माने ख्रिस्ती नव्हे. पण पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांना वगळून मराठी शिकवता येत नाही, आणि त्यांच्या मागोमाग गेले की वाट बायबलापाशी येतेच. या सुटीत त्यातले दोन उतारे मी पुन्हा वाचले.

पहिला मार्काच्या शुभवर्तमानातला. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी आपले वाढत असते. कसे, ते त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. दुसरा राजांच्या पहिल्या पुस्तकातला. ईजबेल राणीच्या भयाने पळालेला एलीया होरेब डोंगरावर येतो. खडक फोडणारा वारा सुटतो, मग भूकंप, मग अग्नी. देव त्यांत कशातच नसतो. मागाहून एक मंद, हळुवार आवाज येतो, आणि एलीया झग्याने तोंड झाकून घेतो. नवल असे की, याच एलीयाने नुकताच कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिला होता! एवढ्या चमत्कारानेही त्याच्या मनाला उभारी आली नव्हती.

वाचकहो, आपली तऱ्हा काय वेगळी आहे? सहामाहीत मुलाला चार गुण कमी पडले की आपण हवालदिल होतो. शिकवणी बदलतो, शेजारच्या मुलाचा दाखला देतो. बी रोज उकरून पाहिले तर ते रुजायचे केव्हा?

मग हातावर हात ठेवून बसायचे का, असे कोणी विचारील. तसे नव्हे. पेरायचे काम शेतकऱ्याचेच, आणि पीक तयार होताच विळा घालायचेही त्याचेच. त्या हळुवार आवाजानेही एलीयाला नुसते कुरवाळले नाही. परत जा म्हटले, कामे नेमून दिली, आणि बआलापुढे न वाकलेले सात हजार अजून शिल्लक आहेत, हेही सांगितले. आपल्या हाती नसतो तो फक्त मधला काळ.

तो मधला काळ किती लांबतो! नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्यांना वादात कोणी जिंकले नाही. जातिभेद देवाने केलेला नव्हे, हे त्यांचे त्यांनाच उमगले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून निघाला १९२४ साली. पेरणाऱ्याला कापणी दिसतेच असे नाही.

शिक्षकाला हे पटवून घेणे जड जाते. वर्गातल्या कोणाच्या मनात काय रुजले, हे उत्तरपत्रिकेत उमटत नाही. तरी तास सुरू झाला की पेरायचे, एवढेच माझे काम, असे मी आता मानतो.

तुम्हीही एक करून पाहा. फराळाची ताटे आवरली की घरातल्या मुलाजवळ थोडा वेळ बसा, आणि त्याला गुण तेवढे विचारू नका.