हिणवणूक आणि आपले मौन

‘मुले एकमेकांना चिडवायचीच’, हे आपल्या शिक्षकवर्गाचे आवडते वाक्य आहे. परंतु एखाद्या मुलाची चाल, आवाज वा हातवारे इतरांसारखे नाहीत म्हणून त्याला रोज ‘बायल्या’ अशी हाक मारणे, मधल्या सुट्टीत त्याचा डबा भिरकावणे, मुतारीत त्याला कोंडणे, याला चिडवणे म्हणत नाहीत, छळ म्हणतात. वर्गावर उभा असलेला शिक्षकच त्या हाकेला हसतो, तेव्हा त्या छळावर शाळेचे शिक्कामोर्तब होते.

युनेस्कोने तामिळनाडूतील अशा तरुणांची पाहणी करून २०१९ साली ती प्रसिद्ध केली. शाळेच्या वरच्या वर्गांत शारीरिक छळ सोसल्याचे सुमारे ६० टक्क्यांनी सांगितले. शाळेकडे तक्रार मात्र केवळ १८ टक्क्यांनी केली होती. उरलेले गप्प का राहिले, हे कळण्यास पांडित्य लागत नाही. नागोठण्यासारख्या गावात तर शाळेत पडलेले नाव संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोहोचते. पुढे तो मुलगा पेणला वा रोह्याला शिकायला गेला, तरी ते नाव एस.टी.त त्याच्या शेजारी येऊन बसते.

हे सारे पाश्चात्त्यांचे थेर आहेत, असे काहीजण म्हणतात. ‘बायल्या’ हा शब्द कोणत्या इंग्रजी कोशातून आला, हे त्यांनी सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा मुलांची बाजू घेणे म्हणजे ख्रिस्तसभेच्या नीतिशिक्षणाशी तडजोड करणे होय. हा आक्षेप घेणाऱ्यांनी ते शिक्षण अर्धेच वाचले आहे. कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या स्वाक्षरीचे १९८६ चे रोमचे पत्र कोणी सौम्य म्हणणार नाही. पण समलिंगी व्यक्तींवर शब्दाने वा कृतीने होणाऱ्या हिंसेचा त्याच पत्राने धिक्कार केला आणि तसाच धिक्कार करण्याचे कर्तव्य मेंढपाळांवर टाकले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाचा २३५८ वा परिच्छेद आदर, करुणा व संवेदनशीलता मागतो आणि अन्याय्य भेदभाव निषिद्ध ठरवतो. विवाहाविषयीची शिकवण बदला, असे मी म्हणत नाही. येथे प्रश्न तेरा वर्षांच्या मुलाच्या आचरणाचा नाहीच. त्याच्यावर हात उगारणाऱ्याच्या आचरणाचा आहे.

शासनाकडे बोट दाखवूनही आपली सुटका नाही. तृतीयपंथी मुलांविषयी एन.सी.ई.आर.टी.ने शिक्षकांसाठी तयार केलेली पुस्तिका २०२१ साली आक्षेप येताच संकेतस्थळावरून उतरवली गेली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने विद्यार्थ्याच्या मानसिक छळास बंदी केली. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना त्या कायद्यातून वगळले. ही सूट आपण स्वायत्ततेसाठी मागितली होती, निर्दयतेसाठी नव्हे. कायदा सैल होतो तेथे सदसद्विवेकबुद्धी अधिक कठोर हवी.

करावयाचे काय? पहिले, शिक्षकाच्या तोंडून असा शब्द निघाल्यास त्याला मुख्याध्यापकांनी जाब विचारावा. दुसरे, मुलांना विश्वासाने भेटता येईल असा एक शिक्षक वा शिक्षिका नेमून तिचे नाव सर्व वर्गांत सांगावे. तिसरे, मधल्या सुट्टीत मुतारी, जिना आणि मैदानाचा कोपरा येथे मोठ्यांची नजर असावी. चौथे, मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता घरी कळवू नये. कित्येकांना घरचा मार शाळेच्या मारापेक्षा भारी पडतो. पाचवे, पालकांना ‘उपचारा’चा सल्ला कदापि देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले आहे, आणि असले ‘उपचार’ हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली जाहीर केले आहे.

यांपैकी एकाही गोष्टीस देणगी लागत नाही, इमारत लागत नाही, बिशपांची परवानगीही लागत नाही. लागते ते धैर्य. लहानग्यांना अडखळण होणाऱ्यांविषयी बोलताना प्रभूने जात्याच्या तळीची आणि खोल समुद्राची भाषा वापरली. ती भाषा त्याने मुलांसाठी नव्हे, मोठ्यांसाठी वापरली होती. आपल्या शाळांच्या दारावर संतांची नावे आहेत. त्या दारातून आत येणारे कोणतेही मूल भीत भीत येत असेल, तर ती पाटी खोटी आहे.