सुका मेवा आणि दंतारोग्य : द्रव्य निर्दोष, काल सदोष

मनुका, खारीक, अंजीर, जर्दाळू ही द्रव्ये आपल्या चिकित्साव्यवहारात इतकी रुळलेली आहेत की त्यांचा वेगळा विचार करावा असे सहसा कोणास वाटत नाही. मलावष्टंभाच्या रुग्णास निजताना भिजवलेल्या मनुका, पांडुरोगी बालकास खजूर, बिस्किटांना पर्याय म्हणून शाळेच्या डब्यात बेदाणे, हे सल्ले आपण सारेच देतो. दंतवैद्य मात्र त्याच बालकाच्या मातेस चिकट गोड पदार्थ वर्ज्य करावयास सांगतात. दोन चिकित्सकांच्या परस्परविरोधी आदेशांत ती माता गोंधळते आणि अखेरीस एकावरील तिचा विश्वास उडतो. म्हणून या प्रश्नाचा निर्णय आपण आपल्या शास्त्राच्या आधारे करणे अगत्याचे आहे.

प्रथम सुक्या मेव्याची बाजू पाहू. चरकाचार्यांनी यज्जःपुरुषीय अध्यायात फळांमध्ये मृद्वीका श्रेष्ठ मानली आहे. बेदाण्यातील शर्करा मुख्यत्वे ग्लुकोज व फ्रुक्टोज या रूपांत असते. दातांवर चिकट थर रचण्यास जिवाणूंना विशेष उपयोगी पडणारी उसाची साखर त्यात अत्यल्प. बेदाणा दातांवर फार काळ चिकटून राहतो, या समजुतीसही १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने धक्का दिला. खाणाऱ्यास वाटणारा चिकटपणा आणि दातांवर प्रत्यक्ष उरणारे अन्न यांचा मेळ बसत नाही, आणि बिस्किटांसारखे पिष्टमय पदार्थ अधिक रेंगाळतात, असे त्यात दिसले. २००५ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी मनुकांतील काही घटक दंतक्षयकारक जिवाणूंची वाढ प्रयोगशाळेत रोखतात, असे जाहीर केले. मात्र त्या कार्यास कॅलिफोर्नियातील मनुका विपणन मंडळाचे अर्थसाहाय्य होते. शिवाय वेगळा काढलेला घटक म्हणजे तोंडात चघळलेली मनुका नव्हे. ‘मनुका दात राखते’ असा प्रचार यावरून करणे आम्हांस अनुचित वाटते.

आता दुसरी बाजू. शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत सुमारे १६ ग्रॅम शर्करा असते, तर तितक्याच बेदाण्यात सुमारे ६० ग्रॅम. शर्करा मिळताच दातांवरील जिवाणू काही मिनिटांत आम्ल निर्माण करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतकवचातील खनिजे विरघळू लागतात. लालास्राव ही हानी भरून काढतो, परंतु त्यास अर्धा ते एक तास लागतो. दिवसभर खिशातून चार-चार बेदाणे तोंडात टाकणाऱ्या बालकास हा अवकाश लाभतच नाही. निद्रेत तर लालास्राव जवळजवळ थांबतो. म्हणजे निजताना मनुका देणारा आपला सल्ला दातांच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल काळी पडतो.

आपल्या संहितांना हे अपरिचित नाही. मधुर रसाच्या अतियोगाने होणाऱ्या विकारांत सुश्रुताचार्य मुखमाधुर्य व कृमी यांचा उल्लेख करतात. तेथील कृमी दातांचेच, असा आमचा आग्रह नाही. परंतु दंतरोगांत ‘कृमिदन्तक’ त्यांनी स्वतंत्र वर्णिला आहे. भोजनोत्तर दातांत अडकलेले अन्न हळुवार काढावे, अन्यथा मुखदुर्गंधी होते, हेही त्यांनीच सांगितले. चरकाचार्यांनी कषाय, कटू, तिक्त रसांच्या काष्ठाने दिवसातून दोन वेळा दंतधावन सांगितले. द्रव्य सांगणारे शास्त्र काल आणि शौचही सांगते. आपण मात्र पहिले लिहितो आणि उरलेले गृहीत धरतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. सुका मेवा वर्ज्य करू नये. तो भोजनासोबत द्यावा, मधल्या वेळी चघळावयास देऊ नये. मनुका सायंकाळच्या जेवणाबरोबर घ्याव्यात, त्यानंतर खळखळून चूळ भरावी आणि निजण्यापूर्वी दंतधावन व्हावे. रात्री अवलेह घेणाऱ्यासही हाच नियम लावावा. बालकाचे दात येऊ लागल्यावर उगाळलेली खारीक निजताना चाटवू नये. चिकित्सापत्रावर औषधाखाली ‘नंतर चूळ भरावी’ एवढे तीन शब्द लिहिण्यास वेळ लागत नाही.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. आवळा कँडी मुखशुद्धी म्हणून विकली जाते. तीत आम्ल आणि साखर दोन्ही एकत्र येतात. तिला मुखशुद्धी म्हणणे शास्त्राशी विसंगत आहे. ‘साखरविरहित’ असे छापलेल्या मेव्याच्या पुड्यांबाबतही, वरून साखर घातलेली नसली तरी फळाची शर्करा आत आहेच, हे ग्राहकास सांगावे.

दंतवैद्यांचा आक्षेप आपल्या द्रव्यावर नसून ते देण्याच्या रीतीवर आहे, असे मानले तर विरोध उरत नाही. रीत सुधारणे आपल्याच हाती आहे.