टबातील रेती आणि विहिरीचा निरोप

नरखेड तालुक्यातील जुन्या व्यापारी घरांच्या न्हाणीघरात ठरलेली सामग्री असे. कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्याशेजारी पाण्याचा हंडा आणि समोर पितळेचे घंगाळ. घंगाळात दोन बादल्या पाणी मावे. स्नान आटोपले की ते रिकामे होई आणि चिंच-राखेने घासून पालथे ठेवले जाई. पाण्याबरोबर आलेली रेती पाण्याबरोबरच मोरीतून निघून जाई. त्यामुळे रेतीचा स्वतंत्र विचार करण्याचे कारण कुणाला पडत नसे.

आता काही नव्या बंगल्यांत घंगाळाच्या जागी गरम पाण्याचा टब आला आहे. ज्येष्ठांच्या गुडघेदुखीसाठी, दिवसभर दुकानात उभे राहून आखडलेल्या पाठीसाठी किंवा निव्वळ हौसेखातर तो बसविला जातो. त्यात हजार लिटर वा त्याहून अधिक पाणी मावते, आणि तेच पाणी पंपाने फिरवून, गाळून अनेक दिवस वापरले जाते. घंगाळ आणि टब यांतील खरा फरक हाच आहे. जे पाणी साठून राहते त्यात रेतीही साठते, आणि रेतीखेरीज जे डोळ्यांना दिसत नाही तेही साठते.

या टबाचे कूळ विहिरीच्या पंपाशी जुळते, ही गोष्ट नरखेडच्या बागायतदाराला गमतीची वाटेल. इटलीतून अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गेलेल्या जाकुझी बंधूंच्या कारखान्यात शेतीच्या विहिरींतून पाणी उपसणारे पंप तयार होत. त्यांपैकी कँडिडो जाकुझी यांच्या लहान मुलाला संधिवाताचा आजार होता. त्याला घरच्या घरी जलोपचार मिळावा म्हणून १९५६ साली न्हाणीच्या टबात सोडता येईल असा छोटा पंप बनविण्यात आला. पुढे १९६८ साली याच घराण्यातील रॉय जाकुझी यांनी फवारे आतच बसविलेला टब तयार केला. संत्र्याच्या बागेला पाणी देणारा पंप आणि बंगल्यातील टब हे असे एकाच घराण्याचे वारस. दोघांचा शत्रूही एकच, तो म्हणजे रेती. रेतीने पंपाचा पंखा झिजतो, सील जाते, फवाऱ्यांची तोंडे अडतात आणि टबाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक ओरखडे उठतात. त्या ओरखड्यांत मळ धरतो आणि तो घासून सहसा निघत नाही.

रेती कुठली, हे आधी ठरवावे

टबाच्या तळाशी खरखर जाणवली की बहुतेक घरांत पहिला उपाय होतो तो सारे पाणी सोडून देण्याचा. नवे पाणी भरले की आठवड्यात रेती पुन्हा हजर. जमाखर्च जुळला नाही म्हणून वही फाडून नवी घालावी, तसा हा प्रकार आहे. फरक कोणत्या पानावर पडला ते आधी शोधले पाहिजे.

त्यासाठी काचेच्या तीन स्वच्छ बाटल्या पुरतात. एक बोअरच्या तोंडाशी भरावी, दुसरी गच्चीवरील टाकीच्या नळाला आणि तिसरी टबात पाणी सोडणाऱ्या नळाला. तिन्ही हलवून सपाट जागी ठेवाव्यात. खरी रेती मिनिटभरात तळाशी बसते, बारीक गाळाला काही तास लागतात आणि चिकणमातीचा गढूळपणा दुसऱ्या दिवशीही टिकतो. पहिल्या बाटलीत रेती असेल तर दोष बोअरचा. पहिली स्वच्छ आणि दुसरी मळकट असेल तर दोष टाकीचा. पहिल्या दोन्ही स्वच्छ असून तिसरीत कण दिसले तर ते नळातील गंज किंवा गीझरमधील क्षाराच्या खपल्या असण्याचा संभव अधिक. त्या कणांवर लिंबाचा रस पिळून पाहावा. बुडबुडे उठले तर तो क्षार, न उठले तर रेती अथवा गंज. गंज ओळखण्यासाठी लोहचुंबक लावण्याची एक पद्धत आहे, पण या भागात तिच्यावर विसंबू नये. काळ्या पाषाणाच्या रेतीतही लोहाचे कण असतात आणि तीही चुंबकाला चिकटते.

तिन्ही बाटल्या स्वच्छ निघाल्या तर रेती पायांबरोबर येत आहे, असे समजावे. काळ्या मातीच्या गावात अंगणातून टबापर्यंतची दहा पावले त्यासाठी पुरेशी होतात.

बोअरचे म्हणणे

या तालुक्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. वरच्या मुरमात आणि खालच्या खडकाच्या भेगांत जेवढे पाणी मुरते, तेवढेच विहिरीला मिळते. संत्रा व मोसंबीच्या बागांना उन्हाळ्यात पाण्याची निकड असते. आंबिया बहाराची फळे झाडावर असतात आणि एप्रिल-मे महिन्यांत पंप सर्वाधिक चालतात. पाण्याची पातळी उतरली की पंप खाली सोडला जातो. तो तळाच्या गाळाजवळ पोहोचला की पाण्याबरोबर रेती ओढू लागतो. म्हणूनच हिवाळ्यात स्वच्छ असणारे पाणी उन्हाळ्यात खरखरीत होते.

वर्षभर स्वच्छ पाणी देणाऱ्या बोअरने एकाएकी रेती द्यायला सुरुवात केली, तर त्याची तीन कारणे संभवतात. पाणी खाली गेले असेल, वरच्या मुरमाला आधार देणारा केसिंग पाइप फुटला असेल किंवा तो पक्क्या खडकापर्यंत पोहोचलेलाच नसेल. पंप तळापासून काही फूट वर घेणे, कमी वेगाने पण अधिक वेळ पाणी उपसणे आणि जाणकाराकडून बोअर फ्लश करून घेणे, हे त्यावरील उपाय होत. टब शंभर वेळा धुतला तरी यांतील एकही दोष दूर होत नाही.

बागेतील उपाय घरात

रेती अडविण्याची विद्या नरखेडच्या शेतकऱ्याला नवी नाही. ठिबकाच्या नळ्या रेतीने तुंबतात म्हणून पंपाजवळ हायड्रोसायक्लोन आणि त्यापुढे जाळीचा फिल्टर बसविण्याची रीत आहे. हायड्रोसायक्लोनमध्ये पाणी शंकूच्या आकाराच्या भांड्यात गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या कप्प्यात उतरतात आणि स्वच्छ पाणी वरून निघते. त्यापुढची १२० मेशची जाळी उरलेले बारीक कण धरते. ज्या घराची बाग आहे त्या घराने हीच जोडी लहान आकारात घराच्या टाकीआधी बसवावी. खालचा कप्पा आठवड्यातून एकदा उघडून रिकामा करावा. त्यात साठलेल्या रेतीवरून बोअरची प्रकृतीही कळते. चिकणमाती मात्र यात अडत नाही. तिच्यासाठी पाणी टाकीत रात्रभर स्थिर ठेवणे किंवा बेताने तुरटी फिरवणे हाच मार्ग आहे.

टाकीतून पाणी बाहेर नेणारा नळ अगदी तळाशी नसावा, तळापासून चार-सहा इंच वर असावा. तळाला गाळ सोडण्याची वेगळी तोटी ठेवावी. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी व एकदा दिवाळीआधी, टाकी धुण्याचा नेम ठेवला तर बहुतेक काम भागते.

दुहेरी सुती कापडाने पाणी गाळण्याची जैन घरांतील जुनी रीत येथेही उपयोगी आहे. रेती, गंजाचे कण, कचरा आणि जलकीटक त्या कापडात अडकतात. गाळण्यात राहिलेली जीवाणी मूळ जलस्थानी परत सोडण्याची दक्षता विहिरीच्या काळात सहज पाळली जाई. बंद तोंडाच्या बोअरला ती पाळता येत नाही. हजार लिटर पाणी हाताने गाळणेही सोपे नाही. म्हणून कापड नळाच्या तोंडाशी आणि जाळी पंपाच्या तोंडाशी, अशी विभागणी सोयीची पडते.

टबाजवळची शिस्त

टबाशेजारी पाय धुण्यासाठी उथळ परात किंवा नळ असावा. आत उतरण्यापूर्वी साबणाने स्नान करावे. अंगाला तेल वा उटणे असताना टबात कदापि उतरू नये. तेल फिल्टरच्या घड्यांत बसते, त्यावर रेती चिकटते आणि फिल्टर निकामी होतो. दिवाळीचे अभ्यंगस्नान घंगाळातच शोभते.

तळाशी बसलेली रेती काढण्यासाठी टब रिकामा करावा लागत नाही. मुख्य स्विच बंद करून पाणी तासभर स्थिर ठेवावे. रेती तळाशी एका बाजूला हळुवार लोटावी. पाण्याने पूर्ण भरलेल्या नळीचे एक टोक रेतीवर आणि दुसरे टबाबाहेर खाली ठेवलेल्या बादलीत सोडावे. सायफन सुरू होतो आणि एक-दोन बादल्या पाण्याबरोबर रेती निघून जाते. तोंडाने ओढून नळी सुरू करू नये. टब जमिनीत खोल बसविलेला असेल तर हातपंपासारखे छोटे उपकरण वापरावे. पाणी ओढणाऱ्या जाळीचे झाकण पंप चालू असताना कधीही उघडू नये. लांब केस आणि मुलांची बोटे त्या ओढीत अडकतात.

फिल्टर आठवड्यातून एकदा नळाखाली धुवावा. कठीण पाण्याच्या गावी त्यावर क्षाराचा पांढरा थर बसतो. तो काढण्यासाठी आम्ल वापरले तर फिल्टर भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय क्लोरीनजवळ नेऊ नये. दोहोंच्या संयोगातून विषारी वायू निघतो. स्वस्त पडते म्हणून टबात ब्लीचिंग पावडर टाकणेही चुकीचे आहे. तिच्यातील न विरघळणारा चुना तळाशी बसतो. म्हणजे रेती काढायची आणि चुना घालायचा, असे होते.

जे दिसत नाही ते

रेती निदान पायाला कळते. कोमट पाण्यात वाढणारे जंतू कळत नाहीत. लेजिओनेला नावाचा जंतू सुमारे २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल या गावी फेब्रुवारी १९९९ मध्ये फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे नमुन्यादाखल चालू ठेवलेल्या फवाऱ्याच्या टबातून हा रोग पसरला आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. बाधितांपैकी बहुतेक तेथे फुले पाहायला गेले होते.

म्हणून साठवलेल्या गरम पाण्यात जंतुनाशक अपरिहार्य ठरते. क्लोरीन लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम किंवा ब्रोमीन किमान ४ मिलिग्रॅम आणि पीएच ७ ते ७.८ हे सामान्य प्रमाण आहे. ते तपासण्याच्या पट्ट्या मिळतात. पाणी ४० अंशांहून अधिक गरम नसावे. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवतींनी वैद्यांना विचारल्याशिवाय टबात उतरू नये.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घरापुढे येथे खरा प्रश्न उभा राहतो. पाणी साठवून त्यात जीवांची वाढ होऊ द्यायची आणि मग औषधाने ते मारायचे, की जेवढे लागेल तेवढेच पाणी गाळून, तापवून, वापरून त्याच दिवशी सोडायचे? ज्यांना दुसरा मार्ग रुचतो त्यांनी दीड-दोनशे लिटरचा साधा टब घ्यावा. शेकही मिळतो आणि औषधही लागत नाही.

पाण्याची खतावणी

मोठा टब ठेवायचाच असेल तर हिशेब मांडलेला बरा. पाणी केव्हा बदलावे याचा एक ढोबळ नियम आहे. टबातील लिटर ११ ने भागावेत आणि आलेला आकडा रोज स्नान करणाऱ्यांच्या संख्येने पुन्हा भागावा. हजार लिटर आणि चार माणसे असतील तर सुमारे २२ दिवस येतात. म्हणजे वर्षाला जवळपास १७ हजार लिटर. रेतीला कंटाळून दर आठवड्याला टब रिकामा केला तर हाच आकडा ५२ हजारांवर जातो. तफावत ३५ हजार लिटरची आहे. २५ अंशांचे हजार लिटर पाणी ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे साडेसतरा युनिट वीज लागते. म्हणजे पाण्याबरोबर वर्षाला सहाशे युनिटही मोरीत जातात.

ग्रामीण घराला माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, हे जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे. त्या मापाने एका टबात अठरा माणसांचे एका दिवसाचे पाणी असते. २५ डिसेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने सात राज्यांसाठी सुरू केलेल्या अटल भूजल योजनेत नागपूर जिल्ह्यातून नरखेड आणि काटोल हे तालुके निवडले गेले. भूजलाचा उपसा जेथे चिंतेचा झाला आहे, अशाच भागांसाठी ती योजना होती.

टबातून काढलेले पाणीही वाया जाऊ नये. एक-दोन दिवस उघडे ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. मग ते फरशी, अंगण व शौचालयासाठी वापरता येते. संत्र्याच्या आळ्यात मात्र ते सोडू नये, कारण त्या झाडाला क्षार सोसत नाहीत.

घरच्या कर्त्यांनी हायड्रोसायक्लोनच्या कप्प्यातून निघालेली रेती दर महिन्याला एका वाटीने मोजून भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. लागोपाठ दोन महिने आकडा वाढला तर विहीर काय सांगते आहे ते ओळखावे. टब काही दिवस कोरडा ठेवावा, पंप वर घ्यावा आणि येत्या पावसाळ्याआधी गच्चीचे पाणी विहिरीत वा शोषखड्ड्यात उतरविण्याची सोय करावी. गच्चीवरून येणाऱ्या त्या पाण्यालाही आधी गाळणी लावावी, म्हणजे विहिरीत रेतीची नवी भर पडणार नाही.