गोपनीय अहवाल

परभणी जिल्ह्यातल्या पाथरीत मी बँकेच्या नोकरीची चार वर्षे काढली. अहमदनगरच्या निजामशहांचे मूळ घराणे याच पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, असे फिरिश्ता लिहितो. या गावासाठी बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाशी युद्ध मांडले. त्याचा नातू मूर्तझा १५६५ साली तख्तावर आला, १५८८ साली मारला गेला आणि इतिहासात 'दिवाणा' म्हणून उरला. साहिबखान नावाच्या तरुणावर त्याचा जीव जडला आणि दरबार विटला, असे फारसी तवारिखा सांगतात.

पण सांगतात कोण? फिरिश्ता मूर्तझाच्याच पदरचा. ग्रंथ मात्र लिहिला विजापूरला, आदिलशहाच्या आश्रयाने. दुसरा तबातबा. त्याचा धनी दुसरा बुऱ्हाण, म्हणजे मूर्तझाविरुद्ध बंड करून पळालेला त्याचा भाऊ!

रोमच्या एलागाबालसचेही असेच. चौदाव्या वर्षी सम्राट, अठराव्या वर्षी, इसवी सन २२२ मध्ये, खून. तो स्वतःला एका सारथ्याची पत्नी म्हणवी, स्त्रीदेह देऊ शकणाऱ्या वैद्याला मोठे इनाम कबूल करी, असे डिओ लिहितो. हा डिओ तेव्हा बहुतेक काळ रोमबाहेर होता आणि २२९ साली पुढच्या सम्राटाच्या जोडीने कॉन्सल झाला. हेरोडियन वाचावा तर त्याचा सारा रोख सिरियन देवावर आणि रेशमी वस्त्रांवर. इंग्लंडमधल्या नॉर्थ हर्टफर्डशायर संग्रहालयाने २०२३ साली या सम्राटाला 'ती' म्हणायचे ठरवले, ते डिओच्या भरवशावर.

शत्रूने लिहिले म्हणून सगळे खोटे, ही वकिली झाली. निंदा करणाराही कधी कधी खरे तेच लिहितो. फक्त त्याला त्या माणसाशी काही देणेघेणे नसते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९८ साली माझ्या हाताखाली एक कॅशियर होता. चालणे-बोलणे नाजूक, लग्न केलेले नाही. स्टाफ त्याच्या पाठीमागे हसे. मीही हसलो असेन. वार्षिक गोपनीय अहवालात मी लिहिले, 'वर्तन शाखेच्या प्रतिष्ठेस साजेसे नाही.' एकाही ग्राहकाची तक्रार नव्हती. साहेबांना काय वाचायला आवडेल, तेवढे मला ठाऊक होते. त्याची बढती गेली. पुढे त्याची बदली झाली; जाताना तो मला नमस्कार करून गेला.

त्याची रोकड एकाही संध्याकाळी पैशाने चुकली नव्हती. ते त्या कागदावर कुठेच नाही.