कागदाचे विचारा, कलमाचे नको

आंब्याच्या कलमांना कल्टार (पॅक्लोब्युट्राझॉल) घालायचे दिवस आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस 15 जुलै ते 15 ऑगस्ट या काळाची. पण मात्रेची चौकशी आता विद्यापीठाकडे कमी आणि चॅटबॉटकडे जास्त होऊ लागली आहे. स्क्रीनशॉट दुकानात दाखवून ‘एवढं द्या’ म्हणणारे बागायतदार रत्नागिरीतही आहेत.

यंत्राशी आमचे वैर नाही. विम्याचा अर्ज, बँकेला पत्र, निर्यातदाराच्या इंग्रजी मेलचा मतलब ही कामे त्याच्याकडून खुशाल करून घ्यावीत. चुकले तर वाचतानाच कळते. कलमाचे तसे नाही. ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती ओतलेले पॅक्लोब्युट्राझॉल जास्त झाले की काय, हे झाड लगेच सांगत नाही. पुढे पालवी आखडलेली दिसते, तोवर औषध मुळांत गेलेले असते. जमिनीतही ते बराच काळ उरते.

विद्यापीठाची शिफारस आहे विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली कल्टार. म्हणजे पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर मोजून सरासरी काढायची. विस्तार न विचारता ‘झाडामागे इतके’ असे सांगणारा माणूस असो की मोबाइल, त्याचा आकडा सोडून द्यावा. जाणता शास्त्रज्ञ ‘आधी बाग बघू’ म्हणतो. यंत्राला बाग बघता येत नाही, तरी उत्तर मात्र ठाम असते. शिवाय आंबा म्हटला की त्याच्या वाचनात दशहरीपासून फ्लोरिडापर्यंत सगळेच येते. कातळावरच्या हापूसचे अनुभव मुळात लिहिलेच गेले थोडे.

ठामपणाचे म्हणाल तर, ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते; यंत्राने दिलेले पडताळल्याशिवाय वापरू नये, असे न्यायालयाने सुनावले. तिथे निदान न्यायालयात दाद मागता आली.

राज्याच्या कृषी विभागाचे महाविस्तार अ‍ॅप 2025 पासून मराठीत उत्तरे देते. रोगकिडीची ओळख, योजनांची माहिती यासाठी ते जरूर वापरावे. मात्रेला लेबल आणि विद्यापीठाचे वेळापत्रकच.

कृषी सेवा केंद्रचालकांना एक विनंती. स्क्रीनशॉटवर माल देऊ नका. गिऱ्हाईक ओळखीचे असले तरी कलमाचा विस्तार विचारा, आणि मात्रा बिलावर स्वतःच्या हाताने लिहून द्या.