विमानाला कपडे कुठले?

या कॉलमात आजवर लिननचे शर्ट झाले, खणाचे कुर्ते झाले, इंटरव्ह्यूला काय घालावं तेही झालं. आजचं गिऱ्हाईक मात्र जरा हटके आहे. त्याला दोन पंख आहेत, एक शेपूट आहे आणि सध्या ते इंदापूर तालुक्यातल्या एका शेतावरच्या गोडाऊनमध्ये उघडंबोडकं उभं आहे. त्याचा मालक माझा मित्र, मूळचा बारामतीचा. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग, शनिवार-रविवार विमान! स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख, दोन सीट. परवा त्याचा फोन आला, ‘‘तू कापडातली ना? मग सांग, कुठलं घेऊ?’’

हसू नका, विमानाला खरंच कपडे असतात. १९०३ मध्ये राइट बंधूंनी उडवलेल्या विमानाच्या पंखांवर गावातल्या दुकानातून आणलेलं साधं सुती कापड होतं, तेही त्यांनी मशीनवर स्वतः शिवलेलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते पस मॉथ विमान कापडाचंच. आपल्या फ्लाइंग क्लबांमध्ये अनेक वर्षं उडालेलं एचएएलचं ‘पुष्पक’ही कापड ल्यायलेलं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांनी मात्र धातू निवडला. त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये मिळाला. म्हणजे चिकाटी किती लागते, बघा! घरच्या घरी हलकं विमान करायचं, तर कापड आजही अनेकांना परवडतं आणि जमतं.

आता मुद्द्याचं. आजकाल वापरतात ते कापड पॉलिएस्टर. ते सांगाड्यावर चिकटवायचं आणि चक्क इस्त्री फिरवायची. उष्णतेनं ते आकसतं आणि ढोलकीच्या पानासारखं ताणलं जातं. पण इस्त्री अंदाजानं नाही फिरवायची. सुरुवात साधारण १२० अंश सेल्सिअसनं आणि शेवट १७७ च्या आसपास. त्याच्या फार वर गेलात की कापड उलट सैल पडतं. मग दोऱ्यानं ते पंखाच्या आडव्या पट्ट्यांना बांधायचं, कारण उडताना पंखाच्या वरच्या बाजूचं कापड हवा वर ओढत असते.

त्यानंतर येतो लेप. खरा चॉइस इथेच आहे. जुना प्रकार ‘डोप’. व्हार्निशसारखा दिसतो, वास डोक्यात जातो, त्यातला नायट्रेट प्रकार झटकन पेट घेतो आणि दमट हवेत लावला तर पांढुरका पडतो. दुसरी ‘पॉलि-फायबर’. हिची कीर्ती मोठी. आधीचा थर सॉल्व्हंटनं पुन्हा मऊ होतो, त्यामुळे फाटलं तर ठिगळ लावणं सोपं. पण वास याही लेपाला आहे, मास्क हवाच. तिसरी ‘स्टुअर्ट’, पाण्यावर आधारित. फुप्फुसांना बरी, पण स्प्रे-गनवर हात बसलेला हवा. चौथं जर्मनीचं ‘ओरॅटेक्स’. हे रेडीमेड! रंग आणि लेप कारखान्यातच चढवलेला असतो. वजन वाचतं, रंगकाम वाचतं, खिसा मात्र वाचत नाही.

मित्राचा पहिला प्रश्न अर्थातच, ‘‘सगळ्यात टिकाऊ कुठलं?’’ मी म्हटलं, आधी तुझं गाव बघ. बारामती-इंदापूर म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. पॉलिएस्टरचा शत्रू पाऊस नाही, ऊन. अतिनील किरणं धागा आतून खातात आणि वरून रंग छान दिसत राहतो. म्हणून रंगाच्या आत किरण अडवणारा थर लागतो. बहुतेकदा तो ॲल्युमिनियमची पूड घातलेला, चंदेरी असतो. पंखाच्या आत दिवा धरून बाहेर उजेड दिसतो का ते बघायचं. दिसला, तर थर पातळ आहे. विमान उघड्यावर ठेवणार असाल, तर या थरात कंजूषी नको. लेप लावायला हिवाळ्यातले कोरडे दिवस बरे. पावसाळ्यात गोडाऊनमध्ये हौस करायला जाऊ नका.

दुसरा प्रश्न आपल्या रक्तातला. ‘‘कापड एका कंपनीचं, गोंद दुसऱ्याचा, रंग इथलाच घेतला तर? बरेच पैसे वाचतील.’’ इथे मला स्टीव्ह विटमन आठवले. अमेरिकेत घरगुती विमानं बांधणाऱ्यांची पंढरी म्हणजे ओशकोश, आणि तिथल्या विमानतळाला नाव आहे विटमन यांचं. आयुष्यभर स्वतःची विमानं बांधली, शर्यतीत उडवली. २७ एप्रिल १९९५ ला ते पत्नीसह स्वतः बांधलेल्या विमानातून निघाले. पंखाच्या मागच्या कडेचं कापड सुटलं, पंख थरथरू लागला आणि हवेतच विमान तुटलं. दोघंही गेले. चौकशीत निघालं की कापड बसवण्याची पद्धत चुकली होती. विटमन तेव्हा ९१ वर्षांचे होते. त्यांच्याइतका अनुभव या धंद्यात फार थोड्यांकडे असेल!

आणि हवेत फक्त आपणच नसतो. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून उडालेलं एक शिकाऊ विमान इंदापुरातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. त्या घटनेचा कापडाशी संबंध नाही, वैमानिक मुलगीही बचावली. पण खाली शेतं असतात आणि शेतात माणसं राबत असतात, हे विसरून चालत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हा किडा असेल, तर माझं मत सांगते. वीकएंडला काम करणाऱ्या नवख्यानं पॉलि-फायबर घ्यावी. चूक झाली तर सुधारता येते आणि मॅन्युअल बारकाईनं लिहिलेलं आहे. वासाचा त्रास असेल तर स्टुअर्ट, बजेट असेल तर ओरॅटेक्स. पण जी घ्याल ती गोंदापासून शेवटच्या थरापर्यंत एकच घ्या. आधी लाकडाची छोटी चौकट करून तिच्यावर सगळ्या पायऱ्या करून बघा. आणि कापड चढवण्याआधी जाणकाराला बोलावून सांगाडा दाखवून घ्या. एकदा झाकलं की आतलं लाकूड कुणालाच दिसत नाही.